शेवंताची बाजू

घमापूर, जबलपूर
२ डिसेंबर १९६१

शेवंता,

तुझ्या सत्यभामा वहिनीचा जयभीम घे. तू उलट राम राम घातलास तरी मी गोड मानून घेईन, पण काहीतरी घाल. दसऱ्यापासून मी कार्डामागून कार्ड टाकते आहे आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. मनसरला पोस्टमन येत नाही, की खाणीच्या धुळीत वहिनीचं अक्षर दिसत नाही? भांडण झालं ते तुझं आणि मायचं. मी तुझ्या भावाची बायको. माझ्याशी अबोला धरून तुला काय मिळतं?

मायची खबर तुला कोणी दिली असेल नसेल. पावसाळ्यात तिला लकवा मारून गेला. उजवा हात मांडीवर पडलेला असतो. जीभ मात्र शाबूत आहे, त्याची काळजी करू नकोस. डाव्या हातानं जेवणार नाही म्हणून मी भरवते. घास लहान झाला तरी ऐकवते, मोठा झाला तरी ऐकवते. तुझं नाव अजून घेत नाही. दुसऱ्या कोणी घेतलं की भिंतीकडे तोंड करून निजते. पण आज मी मायसाठी लिहायला बसले नाही. गोधडीसाठी बसले आहे.

तुझी-माझी गोधडी, तू गेलीस त्या दिवसापासून पेटीत होती. दिवाळीआधी बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या शालिग्राम टेलरनं कातरणीचं मोठं गाठोडं दिलं. चोळ्यांच्या कडा, लेंग्यांच्या पट्ट्या, परकरांचे तुकडे, सगळं बोटा-दोन बोटांचं. म्हटलं, निदान माझी बाजू तरी पुरी करावी. आपल्या घरची रीत मायनंच घातलेली: दोघींनी दोन टोकांना समोरासमोर बसायचं, अस्तरावर पट्टीला पट्टी लावत मध्यापर्यंत यायचं, आणि एकीच्या बाजूला दुसरीनं सुई लावायची नाही. म्हणून मी माझ्याच टोकाला बसते. तुझी बाजू तू सोडलीस तशी अर्धवट, समोर पसरलेली असते.

काल मी पाहिलं तर तुझ्या बाजूला एक पट्टी जास्त होती.

हसू नकोस. शालिग्रामच्या नव्या गाठोड्यातलीच निळी पट्टी. धावदोरा बारीक, सरळ, आणि गाठ डावीकडे. आपल्या घरात डावरी एकच बाई होती. तुझ्या भावाला दाखवलं तर म्हणाले, "अगं, आधीचीच असेल ती. तू इतके दिवस कुठं पाहिली होती?"  पण निळी पट्टी आधीची नाही, हे मला माहीत आहे.

उत्तर लिही. खुशालीचं एक कार्ड पुरे.

सत्यभामा


घमापूर, जबलपूर
२१ डिसेंबर १९६१

शेवंता,

आणखी पट्ट्या लागल्या आहेत. तुझ्याच बाजूला.

घरात आम्ही तिघंच. तुझे भाऊ सकाळी फॅक्टरीत जातात. दुपारी मी तयार गोधड्या द्यायला आणि कातरण आणायला फुहाऱ्यावर जाते. मागे माय एकटी, तिच्या खाटेवर. सुयांमध्ये दोरा ओवून मी उशीला टोचून ठेवते, म्हणजे संध्याकाळी डोळ्यांना ताण नको. परत आले की एखादी सुई रिकामी असते.

पण ऐक. या नव्या ओळी त्या पहिलीसारख्या नाहीत. वाकड्या आहेत. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच दोरा सैल. गाठी डावीकडेच. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि कळलं, हे टाके मला ओळखीचे आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा तू परकर नेसून फिरायचीस, आणि माय तुझा डावा हात ओढणीनं पाठीशी बांधून तुला उजव्यानं शिवायला बसवायची. तिची पाठ फिरली की मी गाठ सोडायची आणि तू डाव्यानं भराभर टाके घालायचीस. अगदी असेच. आधी मोठेपणीचे टाके, मग लहानपणीचे. तू उलटी कुठं चाललीस, बाई?

मायला विचारलं, "दुपारी कोणी आलं होतं?"

"कोन येते? मरनसुदिक येत नाई," म्हणाली. "वरनात मीठ कमी हाये."

सांगायचं तरी कोणाला? दर रविवारी बुद्धवंदनेनंतर बायकांना मीच ठणकावून सांगते की भूत हा मनाचा खेळ आहे, अंगारे-धुपारे बंद करा. आता मीच जाऊन म्हणू, की माझी नणंद मनसरला आहे आणि तिचा हात जबलपूरला शिवतो आहे? माझी सारी पत गेली ना मग! आणि तसं म्हणायचं म्हणजे तुझ्याबद्दल काय म्हणायचं, ते मी इथं लिहिणार नाही.

तुझी वहिनी


घमापूर, जबलपूर
१८ जानेवारी १९६२

शेवंता,

आज मला भीती वाटते आहे. लपवत नाही.

देवीच्या ओटीचा तो तांबडा तुकडा परत आला आहे. तू शिवला होतास त्याच जागी, तुझ्या बाजूच्या कोपऱ्यापाशी. बाकी सगळ्या पट्ट्यांचा रंग नवा, आणि तो मात्र विटका, घडी पडलेला.

तीन वर्षांपूर्वी तुझा बाळू देवी येऊन गेला, आणि तू माहेरी आलीस ती कमरेला तो तुकडा खोचून. तुझ्या सासरच्यांनी पोराच्या नावानं मरीमायची ओटी भरली होती, त्या खणाचा. तू कोणाला न सांगता तो पट्ट्यांमध्ये शिवून टाकलास. तुला त्याच्यात देवी दिसत नव्हती, बाळू दिसत होता. मला ते कळलं होतं. पण आम्ही नुकतेच घरातले सगळे देव तिलवाऱ्याला नर्मदेत सोडून आलो होतो. मायनंच सोडले होते, मागं वळूनही न पाहता. आणि त्या दिवशी वस्तीतली माणसं ओसरीवर बसलेली. मायनं तांबडं पाहिलं, ब्लेड घेतलं, आणि सगळ्यांसमोर टाके उसवून काढले. तू म्हणालीस, "माय, ते माझ्या लेकराचं हाये." माय म्हणाली, "मंग लेकराले घेऊन जा आन् देवीलेबी घेऊन जा." तांबडा तुकडा चुलीत गेला. जळताना मी पाहिला, तूही पाहिलास. तू त्याच पावली बस धरलीस.

मग जळालेला तुकडा गोधडीत कसा आला, शेवंता?

आज दुपारी ट्रकवाला अंबादास रस्त्यात भेटला. त्याची नागपूर लाइन आहे, मनसरवरूनच जातो. मी म्हटलं, "भैया, आमच्या शेवंताची काही खबर?" तो खाली पाहायला लागला. म्हणाला, "आता मी काय सांगू वहिनी, तुमाले तं सारं मालूमच हाये." आणि ट्रकवर चढला. वाटलं, भांडणाचंच म्हणत असेल. घरी येऊन तुकडा पाहिला आणि त्याचं ते खाली पाहणं आठवलं. 

पूर्वी मनसर म्हणजे आपलाच मुलूख वाटायचा. आता खवासा ओलांडला की दुसरं राज्य, आणि खरंच, पलीकडचं काही ऐकूच येत नाही.

सत्यभामा


घमापूर, जबलपूर
२ फेब्रुवारी १९६२

शेवंता,

खुशाली नको, रुसवा सोडू नकोस, माहेरी येऊ नकोस. नुसतं "आहे" एवढं लिहून पाठव. नाही तर कोरं कार्ड टाक. पत्ता तुझ्या हातचा असला म्हणजे झालं.

तुझ्या बाजूची शिवण माझ्या बाजूपासून हातभर राहिली आहे. तू मध्यापर्यंत आलीस की काय होईल, या विचारानं मी माझी सुई थांबवली आहे.

वहिनी


घमापूर, जबलपूर
१५ फेब्रुवारी १९६२

शेवंता,

हे पत्र कोणाला लिहिते आहे, ते मला माहीत आहे. तरी तुझंच नाव वर लिहिलं. दुसरं कोणतं लिहू?

काल शालिग्रामचं दुकान बंद होतं. त्याच्या घरी कोणी वारलं होतं. मी गेले तशी परत आले. दार लोटलेलं. आत पाहिलं तर तुझ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून, एक बाई बसलेली. मान तशीच डावीकडे कललेली. पदर तसाच खांद्यावरून घसरलेला. डावा हात वर गेला, दोरा ताणला, खाली आला. मी तुझ्या नावानं हाक मारणार होते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मला तिचा उजवा हात दिसला. बाजूला जमिनीवर पडलेला.

माय होती. खाटेवरून घसरत, फरशीवरून सरकत तिथवर गेली होती. गोधडी गुडघ्याखाली दाबून, एका हातानं शिवत होती. मी तिला भरवते, तिची वेणी घालते, आणि माझी पाठ फिरली की ही बाई जमिनीवरून सरपटत जाऊन शिवते!

मी रागावलेच. "काय करून राहिल्या माय? पडल्या असत्या तं?"

तिनं वर पाहिलं नाही. "तिची बाजू राहिली होती."

"ती येईल तेव्हा करेल. तुम्हीच म्हनता, दुसरीच्या बाजूले हात लावू नये."

"ती नाई येत, सत्यभामा." टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला. "ती दसऱ्यालेच गेली. बाळंतपनात. अंबादास निरोप घेऊन आलता दिवाळीत, तू फुहाऱ्यावर होती. मी म्हटलं, घरात मी सांगतो, तू जाय. मंग माह्यानं सांगनं झालं नाई."

मी तिथंच खाली बसले.  तू नाहीस, आणि मी तुला कार्डं टाकत होते. तू नाहीस, आणि म्हातारी माझ्या हातचा घास खाऊन मीठ कमी म्हणत होती. मनात आलं, हिला गदागदा हलवावं. मग तिच्या बोटांकडे पाहिलं. सुई टोचून टोचून डावा अंगठा काळानिळा झाला होता, आणि तो तिनं माझ्यापासून आजवर पदरात लपवला होता.

"पोरगी वाचली," ती म्हणाली. "मोतीराम जवायाच्या मावशीपाशी हाये. तिच्यासाठी शिवतो मी हे."

"आन् तो तांबडा तुकडा? तो तर जळला."

"जळला तो कातरनीतला दुसरा तांबडा तुकडा, वस्तीले दाखवाले. हा माह्या उशीत होता."

आता सगळं उलगडलं असं वाटून मी म्हटलं, "मंग माय, पहिली निळी पट्टी लावली तेव्हा तरी मले सांगायचं होतं."

 म्हणाली, "निळी मी नाई लावली."

"मंग कोनं लावली?"

"मी पाह्यली तवा ती होतीच. अंबादास येऊन गेला तरी मी काही सुई धरली नव्हती. पडून राहायची. मंग येक दिवस तिच्या बाजूले ती निळी पट्टी दिसली, सुधी, तिच्या हातची. मले समजलं का पोरगी आपली बाजू पुरी कराले येऊन राह्यली. मेल्यावरबी माह्या पोरीनं काम कराले यावं काय? म्हनून मी बसली. आता तिले यावं लागत नाई."

मी म्हटलं, "माय, आपन भूत मानत नाही."

"भूत कोन म्हनते?" माय ओरडली, शेजारी ऐकू जाईल इतकं. "माही पोरगी हाये ते!"

रात्री तुझ्या भावाला सांगितलं. ते भिंतीला टेकून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, ती निळी आधीचीच असेल, माय विसरली असेल. असेल. पण मी पुन्हा ती ओळ पाहिली. लकव्याच्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हातात सुई धरून घातलेली ओळ अशी सरळ येत नाही. तिच्या ओळी कोणत्या ते मला आता कळतं. वाकड्या होत्या त्या सगळ्या तिच्या. लहानपणी तुझा हात बांधणारी तुझी माय, तुझ्यासारखी शिवायला शिकत होती.

आता मी आणि माय समोरासमोर बसतो, उजेडात. ती तुझ्या टोकाला.  कधी कधी मी माझा दोरा ओढते आणि कापड पलीकडून अलगद ताणलं जातं. वर पाहते तर मायची सुई थांबलेली असते, ती दाराकडे बघत असते.  मला आता भीती वाटत नाही, पण मी तिथं एकटी बसणार नाही.

मायनं तुझ्या भावाला सांगितलं, पुंडलिका, मले मनसरले ने. डॉक्टर नको म्हणाले. तिनं डॉक्टरांचं ऐकलं असं कधी झालं आहे?

सत्यभामा


मनसर
२४ मार्च १९६२

शेवंता,

तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. तुझ्या चुलीला पाठ टेकून.

आम्ही तिघं शिमग्यानंतरच्या बसनं निघालो. तिलवाऱ्याचा पूल आला तेव्हा मायनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, नर्मदेत सोडलेले देव आठवले. तर ती म्हणाली, "याच रस्त्यानं गेली असन ना ती, येकटी."  गोधडी मी मांडीवर धरली होती. दोन्ही बाजू मध्यावर मिळाल्या आहेत. जुळल्या तिथं जरा सुरकुती पडली, ती मी काढली नाही.

मोतीराम खाणीवरून नुकतेच आले होते. अंग लाल-काळं धुळीनं भरलेलं. त्यांनी पाणी दिलं, पण बसा म्हणाले नाहीत. तुझ्या भावानं मायला उचलून आत आणलं, तरी ते भिंतीला टेकून उभेच.

"निरोप धाडला होता," ते म्हणाले. "दिवाळीचा. आता शिमगा झाला. मी रोज मोटारीच्या टायमाले रोडवर जाऊन उभा राहत होतो."

मी म्हटलं, "भाऊजी, मला काहीच माहीत नव्हतं. मी पत्रं लिहिली."

त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. माझी कार्डं, पाकिटं तिथं नीट रचून ठेवली होती. "मले वाचता येत नाही. तिच्या नावाची, तं दुसऱ्याकडून वाचवून घ्याचा जीव झाला नाही."

मी त्यातलं एक कार्ड उचललं आणि परत तसंच ठेवलं. 

कुसुममावशी पोरीला घेऊन आल्या. फार म्हाताऱ्या आहेत गं त्या. त्यांचेच हात कापतात, आणि त्या हातांत ही पोर. बारीक आहे, वाटीचमच्यानं दूध पिते, पण आवाज खणखणीत. मायनं डावा हात पुढं केला. मोतीराम मध्ये आले.

"पाहून घ्या. पन पोरगी मी देनार नाही. तुमच्या दारातून तिच्या मायले काढलं, तिले बी येक दिवस काढसान."

तुझे भाऊ काही बोलायला गेले. मायनं त्यांना हातानंच थांबवलं. म्हणाली, "बराबर बोलते तो." तिच्या तोंडून असलं वाक्य मी या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. मग मला म्हणाली, "गोधडी हांतर."

मी पसरली. तुझी बाजू वर आली, तांबडा तुकडा पोरीच्या उशाला. मोतीरामनं तो ओळखला. खाली बसले, त्यावर हात ठेवला.

मायनं विचारलं, "नाव काय हिचं?"

"ठेवलं नाही."

"पाच महिन्याची झाली, आन् नाव नाई?"

"ती म्हनत होती," मोतीराम म्हणाले. "अखेरच्या दिवशीबी म्हनत होती. नाव माही माय येऊन ठेवन. माय रागाची हाये, पन नाव ठेवाले येतेच. म्हनून मी थांबलो."

शेवंता, तू शेवटच्या दिवशी असं म्हणालीस. तीन वर्षं मायनं तुझं नाव जिभेवर येऊ दिलं नाही, आणि तू म्हणालीस, येतेच.

मायनं मला खूण केली. मी तिला धरून गोधडीवर बसवलं, तुझ्या बाजूला. ती वाकली. लुळा हात खाली लोंबत होता, दुसरा तिनं पोरीच्या डोक्यामागं घातला. बाळाचं नाव कानात हळूच सांगतात. पण मायला हळू बोलता येत नाही, तुला माहीत आहे. साऱ्या चाळीला ऐकू गेलं.

"शेवंता," ती म्हणाली. "शेवंता, माय, चाल घरी."

पोर दचकली आणि जोरात रडायला लागली. कोणी तिला उगी केलं नाही. मोतीराम उठले. दोरीवर वाळत घातलेली तिची झबली एकेक करून काढली, आणि खाली बसून त्यांच्या घड्या घालून आमच्या पिशवीत ठेवायला लागले.

सत्यभामा